नवसाच्या भाजीत तिसरी मूठ

सगळ्यात आधी वनिता सिस्टरचं नाव लिहून टाकतो. नंतर विसरलो तर लोक म्हणतील, गोळीचा परिणाम आहे. (आधी तो होता. आता जो विसरभोळेपणा उरलाय, तो जन्माचा!) वनिता सिस्टर पांढुर्ण्याला आमच्याच गल्लीत राहतात आणि सौंसरच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला जातात. त्यांच्यामुळे माझी गोळी वाचली, गोळीमुळे डोकं वाचलं, डोक्यामुळे नोकरी वाचली. वाचली नाही ती फक्त चाळीस माणसांची वांग्याची भाजी. ती मी मारली.

मी आठवीत शाळा सोडली. शाळेनंही फार आग्रह केला नाही. आता कोचीच्या फळबाजारात आहे. आमच्याकडची संत्री तिथं ट्रकनं येतात. ती उतरवायची, निवडायची आणि प्रत्येक गाडीतलं एक फळ फोडून चाखायचं, हे माझं काम. घरापासून इतकं लांब, की फोनवर मायचा आवाजसुद्धा दमून पोचतो. काम चांगलं होतं, वाईट होती ती अर्धशिशी. आठवड्यातून एकदा डोक्याच्या डाव्या बाजूला कोणीतरी संत्र्याची पेटी ठोकायला बसायचं, तेही लांब खिळ्यांनी! अशा वेळी उजेड नको वाटतो आणि आवाज नको वाटतो, आणि बाजारात नेमक्या याच दोन गोष्टी फुकट मिळतात. दोनदा मी भर कामात ट्रकच्या सावलीत आडवा झालो. मालक मोडक्या हिंदीत म्हणाला, "तिसऱ्यांदा झोपलास, तर गावाला जाऊनच झोप."

मी घाबरून तिथल्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी एक गोळी लिहून दिली. ही गोळी मिरगीच्या झटक्यांनाही देतात आणि अर्धशिशीलाही, एवढं मला कळलं. पुढे डॉक्टरसाहेब हिंदीत बराच वेळ समजावत होते. पण माझी हिंदी पांढुर्ण्याची, त्यांची केरळची, दोघी वाटेत कुठंच भेटल्या नाहीत! तरी मी प्रत्येक वाक्याला "हां जी, हां जी" म्हटलं. शिकलेल्या माणसासमोर "समजलं नाही" म्हणायची मला लाज वाटते. मान हलवायला शाळा लागत नाही.

गोळीच्या खोक्यातून एक कागद निघाला. घडी उघडत गेलो, उघडत गेलो, तर लुंगीएवढा झाला! अक्षरं मात्र मुंगीच्या पायाएवढी, आणि तीही इंग्रजी. मी पुन्हा घडी घालून तो खोक्यात बसवला. माझ्याकडून तेवढंच झालं.

पण गोळी लागू पडली. महिन्याभरात डोकं शांत! मी आनंदानं मायला फोन केला, गोळीचंही सगळं सांगितलं.

"झालं ना बाप्पा," माय म्हणाली. "मी जामसांवलीच्या हनुमानजीले रोडगे कबूल केले होते. तू ये आता. तुह्या नावाचा नवस हाये, तुह्याबिगर कसा फेडू?"

तर मी पांढुर्ण्याला उतरलो. स्टेशनबाहेर थंड पेयाची बाटली घेतली. पहिलाच घोट, आणि त्यात गॅस नाही! चार दिवस झाकण उघडं ठेवलेलं साखरेचं पाणी, वरून लोखंडाची चव.

"दादा, बाटली शिळी हाये," मी दुकानदाराला म्हटलं.

त्यानं दुसरी फोडली. फेस उडून माझ्या शर्टावर आला, पण तोंडात काही नाही. तिसरी फोडली, तेच. दुकानदारानं बाटली पाहिली, मग मला पाहिलं. "भाऊ, बाटली बराबर हाये. तू कुठून आला?"

मी तोऱ्यात म्हटलं, "कोचीवरून."

"मग बराबर हाये," म्हणाला. काय बरोबर होतं ते त्यालाच माहीत. बोटांना मुंग्या तर पंधरा दिवसांपासून येत होत्या. पेट्या उचलून येत असतील, म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. बाजारात चाखलेली संत्रीही फिकी लागत होती, ते मी हंगामावर ढकललं होतं. मधेच एखादा शब्द जिभेवरून घसरून जायचा. तो मी मल्याळममुळे घसरतो असं धरून चाललो होतो. (मला मल्याळम येत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.)

नवसाच्या दिवशी टेम्पो करून सगळे जामसांवलीला गेलो. आमचे रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे. ते फोडून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. भाजी शेषराव मामाची. पंचक्रोशीतलं लग्न असो की तेरवी, कढईपाशी मामाच उभा. वनिता सिस्टरही आल्या होत्या. त्या बौद्ध, नवसाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. मायनं बोलावलं तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "मावशी, मी दर्शनाले नाई, जेवाले येईन." माय म्हणाली होती, "मग जरा लवकरच ये, कणीक मळू लागजो."

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घात तिनंच केला. नैवेद्य दाखवेपर्यंत भाजी कोणी चाखायची नाही. आणि नैवेद्यानंतर ज्याच्या नावाचा नवस, त्यानं पहिला घास घ्यायचा. तो "झालं" म्हणेपर्यंत बाकी कोणी बोट लावायचं नाही, स्वतः स्वयंपाक्यानंसुद्धा! म्हणजे चाळीस माणसांच्या जेवणाची चव त्या दिवशी एकट्या माझ्या जिभेवर टांगलेली.

मामानं वाटीत भाजी दिली. "पाय बे गजू. तू त संत्र्याचा पारखी."

मी घास घेतला. भाजी दिसायला लालभडक, तोंडात ओला कागद!

"मामा, याच्यात ते कमी हाये."

"काय कमी हाये?"

शब्द घसरला. "ते... पांढरं."

"पांढरं? दही?"

"नाई ओ. कोरडं."

"कणीक?"

"नाई ओ मामा, ते जे समुद्रात असते!"

मामाच्या हातातला झारा थांबला. "मासे?"

"अगं माय माय!" मामी ओरडली. "कोचीले राहून राहून पोरगं देवाच्या दारात मासे मांगून राहिलं!"

शेवटी मी मुंग्या आलेलं बोट मिठाच्या पिशवीकडे केलं. मामानं विश्वासानं एक मूठ टाकली. मी चाखलं. अजून ओला कागद. दुसरी मूठ. कागद जरासा वाळला. मामाच्या कपाळावर आठी पडली, पण रीत म्हणजे रीत! तिसरी मूठ पडल्यावर मला कुठं भाजीसारखं काहीतरी लागलं. मी गंभीरपणे मान हलवली. "झालं!"

पंगत बसली. पहिला घास सगळ्यांनी बरोबरच घेतला असावा, कारण चाळीस हात पाण्याकडेही बरोबरच गेले. आमच्या शेजारच्या घरच्या काकाजींनी शांतपणे पेला खाली ठेवला. "शेषराव, मीठ मस्त जमलं. त्याच्यात भाजी तेवढी टाकाची राहिली."

मामानं आता कढईतलं एक वांगं तोंडात टाकलं. त्याचा चेहरा मी अजून विसरलो नाही. (एवढी एकच गोष्ट मी विसरलेलो नाही!)

"तीस वर्सं झाली, आजवर कोणाच्या तेरवीतसुद्धा माही भाजी परत गेली नाई," तो म्हणाला. "आज भाच्याच्या नवसात गेली!"

"मले खरंच अळणी लागली," मी म्हटलं.

हे ऐकून मायच्या डोळ्यांत पाणी आलं. भाजीचं तिला काही नव्हतं. "बोटाले मुंग्या, बोलता बोलता अडकते, आता तोंडाची चवही गेली! हे सगळं त्या मिरगीच्या गोळीनं केलं. डोकं त देवानंच बरं केलं. दे ते पाकीट इकडे, टाकतो आरात. अन् घे आण, आजपासून बंद!"

माझी धांदल उडाली. गोळी ठेवावी तर माय रडते. सोडावी तर पुन्हा डोकं, पुन्हा ट्रकची सावली, आणि या वेळी मालक सरळ गावच दाखवणार. पण मायनं हात पुढे केला होता. आणि समोरचा माणूस ठामपणे बोलला की माझी मान आपोआप हलते. मी खिशातून पाकीट काढलं.

"मावशी, जरा थांबा," पंगतीतून आवाज आला. वनिता सिस्टर तिसरा पेला पाणी संपवून उठल्या आणि माझ्या हातातल्या पाकिटावरचं नाव वाचलं. "गजू, थंड बाटली पाणचट लागते का तुले?"

मी गार पडलो. यांना स्टेशनवरचं कसं कळलं?

"लागते."

"बोटाले मुंग्या? भूक कमी? नेहमीचा शब्द सापडत नाई?"

"सिस्टर, तुम्हाले सगळं दिसून राहिलं का?"

"दिसत काही नाई. दवाखान्यात रोज पायतो. या गोळीनं बऱ्याच जणाले असं होते." मग मायकडे वळून त्या हळू बोलल्या, "मावशी, डोकं देवानं बरं केलं म्हणा, मी नाई म्हणत नाई. पण गोळी अशी एका दिवसात तोडाची नसते. दुखणं उलटून येते, अन् झटक्यावाल्याले त झटकाच येऊ शकते. कमी कराची ते डॉक्टरले इचारून, हळूहळू."

त्यांनी तिथूनच, गोवऱ्यांच्या धुरात उभं राहून, माझ्या खिशातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या नंबरावर कोचीला फोन लावला. फोनवर इंग्रजीत बोलता बोलता मधेच थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गजू, सुरुवातीले रात्री एकच घ्याची, अन् मंग काही आठवड्यानं वाढवाची, असं सांगतलं होतं तुले?"

"सांगतलं असन."

"अन् तू?"

"पहिल्या दिवसापासून दोन टाईम. लवकर बरं होईन म्हणून."

"मंग त्याईच्यासमोर 'हां जी, हां जी' काय करून राहिला होता?"

चाळीस माणसं खारं तोंड घेऊन हसली. एवढ्या मिठानंतर हसू येतं, हे मला नवीन होतं.

डॉक्टरांनी गोळी सुरूच ठेवली, पण ती कशी कमी करायची आणि पुन्हा किती हळू वाढवायची ते सांगितलं. सिस्टरनी ते चिठ्ठीच्या मागे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, आणि माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. पाणी भरपूर प्यायचं, नाहीतर मुतखडा होऊ शकतो. उन्हात घाम येईनासा झाला, अंग तापलं, तर सावली गाठायची. डोळा दुखला किंवा अंधुक दिसलं तर वाट न पाहता दवाखाना. कुशीत कळ आली तरी तेच. मन फारच उदास व्हायला लागलं, तर लपवायचं नाही. "अन् समजलं नाई तर," त्या म्हणाल्या, "'समजलं नाई' म्हणाचं. त्याले गोळी लागत नाई."

मायनं डोळे पुसले आणि पाकीट आपल्या हातानं माझ्या खिशात ठेवलं. मामानं बिनमिठाचं वरण उकळून त्यात ती भाजी कालवली, वर रोडगे चुरले, आणि सगळे जेवले. काकाजींनी तर दुसऱ्यांदा मागितलं.

आता मी कोचीला परत आलोय. मुंग्या जवळपास गेल्यात, शब्द बऱ्यापैकी जागेवर असतात, आणि ट्रकच्या सावलीत फक्त कुत्री झोपतात. ती चिठ्ठी माझ्या उशाशी आहे. रोज रात्री वाचतो. शाळेत एवढं वाचलं असतं, तर आज चित्र वेगळं असतं!

परवा सिस्टरना फोन करून म्हटलं, "तुमचे उपकार कधीतरी फेडीन. दिवाळीले आलो की माह्या हातचे रोडगे अन् माह्याच हातची वांग्याची भाजी खाऊ घालीन."

त्या म्हणाल्या, "खाईन ना बाबू. पण पहिला घास मी घेईन."

मी "हां जी" म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा, सगळं समजून!