हलकं राहण्यासाठी

लालबागला आमच्या चाळीतल्या मुलींचं दहीहंडीचं पथक आहे. बारावीत असताना मी त्या पथकाचा एक्का होते, म्हणजे सगळ्या थरांच्या वर चढून हंडी फोडणारी. एक्का हलका लागतो. वजन वाढलं तर माझ्या जागी दुसरी चढेल, या धास्तीने मी आधी भात सोडला, मग चपात्या, मग आईच्या हातचं बांगड्याचं कालवणसुद्धा. संध्याकाळी मैदानात सराव आणि घरी येऊन काकडी. काही दिवसांनी पाळी थांबली.

मला काय, आनंदच झाला. सरावात कटकट नाही, पॅड बदलायला धावपळ नाही. दोन-तीन महिने मजेत गेले. आईच्या लक्षात आलं तेव्हा तिने दार लावलं, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला आणि विचारलं, "खरा सांग गो, कोण आसा तो?"

"कुणी नाहीये!"

"मगे पाळी खंय गेली?"

मी तिच्याशी बोलणंच टाकलं. तोवर मी हात धरले होते ते फक्त थर लावताना, आणि तेही मुलींचे.

परळच्या डॉक्टरबाईंनी आधी लघवी तपासली आणि आईचा जीव भांड्यात पडला. "पाळी चुकली म्हणजे दिवसच गेले असं नसतं," त्या आईला म्हणाल्या. "थायरॉइड असतं, पीसीओडी असतं, परीक्षेचं टेन्शनही असतं." रक्ताचे रिपोर्टही चांगले आले. तेव्हा त्यांनी मला विचारलं, "काल दिवसभरात काय खाल्लंस?"

सांगायला फार वेळ लागला नाही.

"शरीराला पुरेसं मिळेना की ते पाळी बंद करतं. पुढे हाडंही ठिसूळ होतात. अशा हाडांनी वर चढणार तू?"

त्या वर्षी दुसरी चढली. मी खाली गर्दीत उभी राहून ढसाढसा रडले. आईने समजूत वगैरे काढली नाही, घरी नेऊन भात वाढला. मी जेवले.

जीन्स घट्ट झाल्या, आणि थंडीत एका सकाळी पाळी आली. "आये, आली!" मी मोरीतून ओरडले. चाळभर ऐकू गेलं असणार. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. देव्हाऱ्यापाशी आईने जाऊ दिलं नसतं.

पुढच्या हंडीला मला वरून दुसऱ्या थरात घेतलं. "खांदे आता कामाचे झालेत तुझे," आमची कॅप्टन म्हणाली. नवा एक्का अकरावीतली एक पोरगी होती. चेहरा पांढराफटक.

"खाल्लंस काही?" मी विचारलं.

"नाही ताई. हलकं राहायला हवं ना."

शिट्टी वाजली, कॅप्टन हाका मारू लागली. मी जागची हलले नाही. कुणाच्या तरी पिशवीतली दोन केळी काढून तिच्या हातात दिली आणि सांगितलं, "ही संपव, मगच मी उभी राहते."

तिने घाईघाईने खाल्ली. मग माझ्या खांद्यावर पाय ठेवून वर गेली, आणि मला ती जराही जड वाटली नाही.