चूलबंद आवतण

राघोनाना सीडीवर नाव घालायचे. लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यावर घालतात, तसं. लिनक्सची सीडी कुणाला दिली, की तिच्यावर काळ्या मार्करनं घेणाऱ्याचं नाव आणि खाली 'राघो बोरसे, धुळे, यांजकडून सप्रेम भेट'. मला त्यांनी पहिली सीडी दिली तेव्हा माझ्या नावामागं 'चि. सौ. कां.' लिहिलं होतं. माझं लग्न ठरलेलं नव्हतं, ठरण्याची चिन्हंही नव्हती, आणि आमची ओळख होऊन जेमतेम अर्धा तास झाला होता. "नाना, सॉफ्टवेअरवर नाव कशाला?" मी विचारलं. ते म्हणाले, "नाव घातलेलं भांडं माणूस मोडीत घालत नाही, माय." ती सीडी मी जळगावला आणून यंत्रात घातली तर ती अर्ध्यावर अडकली. नानांना सीडी भरताना धीर नसायचा. ती भरत असतानाच त्याच यंत्रावर पत्ते खेळायचे. हे त्यांना सांगितलं, तर उत्तर ठरलेलं होतं. "हुई जाई." होऊन जाईल. कसं होईल आणि कोण करील, याच्याशी नानांचा संबंध नसे.

नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. धुळ्याला देवपुरात घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी संगणकाचा क्लास काढला होता. मी जळगावच्या एका तंत्रनिकेतनात शिकवत होते आणि पिंप्राळ्यात भाड्याच्या खोलीत राहत होते. शतक संपायला आलं होतं, इंटरनेट लागलं तर लागलं अशी स्थिती होती, आणि सगळ्या खानदेशात लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरचं वेड लागलेली माणसं एका रिक्षात मावली असती. ज्याची आतली लिखावट कुणीही वाचावी, बदलावी आणि पुढं द्यावी, असं सॉफ्टवेअर. मी हे समजावताना घाम गाळायची. नाना एका वाक्यात उरकायचे, "हे विरजण आहे. शेजारीण वाटी घेऊन आली तर नाही म्हणतो का आपण? आणि दिल्यानं आपलं दही कमी होतं का?" हे ते विद्यार्थ्यांना सांगत, पोस्टमनला सांगत, एसटीच्या कंडक्टरला तर तिकीट काढताना सांगत. ज्याच्या घरी संगणक नाही त्यालाही सीडी देत. मी चिडले की म्हणत, "त्याच्याकडं नसंल, त्याच्या साडूकडं असंल."

संमेलन भरवायची कल्पना नानांची. म्हणजे कल्पना त्यांची आणि काम माझं. पुण्याचा परांजपे नावाचा एक तरुण प्रोग्रॅमर यायला तयार झाला होता. जागा माझ्या तंत्रनिकेतनाची, संगणकाची प्रयोगशाळा. ती मिळवायला मी प्राचार्यांच्या किती मिनतवाऱ्या केल्या ते माझं मला ठाऊक. शेवटी ते म्हणाले, "बघू या. चाळीस माणसं, त्याच्यावर एक नाही. दिवस नीट पार पडला तर वर्षभर दहा यंत्रं तुमच्या लिनक्सला देतो. गडबड झाली तर हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही." दहा यंत्रं. आमच्याकडं यावल, चोपड्याकडून येणारी मुलं होती, शिकण्यात हुशार, पण संगणक म्हणजे ठरलेली बटणं ठरलेल्या क्रमानं दाबायची, एवढंच त्यांना शिकवायची मला परवानगी होती. यंत्राच्या पोटात काय चालतं ते त्यांना उघडून दाखवायचं, तर ती दहा यंत्रं हवी होती. मला तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं.

ठरवाठरवीसाठी आम्ही पारोळ्याच्या बसस्टँडवर भेटायचो, कारण ते दोघांनाही वाटेत पडायचं. मी विषय काढायची: कोण किती वेळ बोलणार, प्रोजेक्टर कुणाकडून आणायचा, वीज गेली तर काय. नाना एकच विषय काढायचे, "भरीत करायचं का?" थंडीचे दिवस, यावलकडची भरताची वांगी नुकती सुरू झालेली, आणि पुण्याचा माणूस जळगावात येऊन डब्यातली पोळीभाजी खाऊन गेला तर खानदेशची काय शोभा राहिली? "नाना, संमेलन आहे." "म्हणून तर. रिकाम्या पोटी माणूस ऐकतो, पण त्याला पटत नाही." मी कपाळाला हात लावला आणि भरिताला हो म्हटलं. निदान दुसऱ्या कशावर तरी बोलता येईल, ही आशा. मग प्रोजेक्टरचं काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, "हुई जाई," आणि उसाच्या रसवाल्याला विरजणाची गोष्ट सांगायला उठून गेले.

निमंत्रणं वाटून घेतली. जळगाव-भुसावळची माझ्याकडं, धुळ्याकडची नानांकडं. मी त्यांना तीनदा बजावलं, संगणकाशी संबंध असलेली वीस माणसं, फक्त वीस. नाना प्रत्येक वेळी मान हलवत होते. मान हलवणं म्हणजे कबूल करणं नव्हे, हे एवढ्या दिवसांत मला कळायला हवं होतं.

आमच्याकडं आवतण दोन परीचं असतं. एक साधं, म्हणजे घरटी एक माणूस. दुसरं चूलबंद. चूलबंद आवतण दिलं, की त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. लेकरं, म्हातारी, सुना आणि माहेरपणाला आलेली लेकसुद्धा जेवायला तिकडं. नानांनी वीसच घरं केली होती. सगळी चूलबंद.

संमेलनाच्या दिवशी सकाळी तंत्रनिकेतनाच्या फाटकात दोन टेम्पो येऊन उभे राहिले. आधी उतरल्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, मग डोक्यावर पदर घेतलेल्या सुना, मग पागोट्याचे दोन आबा. पाठोपाठ दोंडाईच्याचे एक मारवाडी व्यापारी सहकुटुंब आले. त्यांच्या मुलाला नानांनी सीडी दिली होती. काहींनी आहेर आणला होता. संमेलन म्हणजे नक्की काय याचा खुलासा नानांनी कुणाजवळच केलेला नव्हता, तेव्हा कुणी टॉवेल-टोपी आणली होती, तर कुणी पातेलं. प्रयोगशाळेत चपला काढून जायची शिस्त होती. दारात चपलांचा एवढा ढीग झाला, की परांजपेला तो ओलांडून आत येता येईना. आत संगणकासमोरच्या खुर्च्यांवर म्हाताऱ्या मांडी घालून बसल्या होत्या. मी नानांना कोपऱ्यात घेतलं.

"वीस म्हटलं होतं मी."

"वीसच घरं आहेत."

"घरं नव्हे, नाना. माणसं."

"एकल्याले बोलावनं म्हंजे घर तोडनं शे, माय," नाना अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले. मीच काहीतरी अडाण्यासारखं बोलले होते, असा तो सूर होता. मला त्या क्षणी त्यांना टेम्पोत घालून धुळ्याला परत पाठवावंसं वाटलं.

परांजपे भला माणूस. त्यानं आणलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि साध्या शब्दांत बोलायला लागला. हे कुणा एकाचं नाही, सगळ्यांचं आहे, असं तो म्हणाला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात वर केला. नानांची ती चुलती. "बठ्ठासनं शे, तं मंग बिघडनं म्हंजे दुरुस्त कोन करी?" तिनं विचारलं. "आम्हना गावनी विहीर बी बठ्ठासनी शे. पानी बठ्ठा भरतस, गाळ कोनी काढत नई." परांजपे हसला. म्हणाला, "आजी, आमची सगळी भांडणं यावरूनच होतात." मी नानांकडं पाहिलं. नाना खिडकीतून मागच्या अंगणाकडं पाहत होते, कारण तिथं तुरीच्या काड्या पेटल्या होत्या आणि वांगी भाजायला पडली होती.

वारा खिडकीच्या बाजूनं होता. धूर आत आला. म्हाताऱ्या खोकल्या, सुनांनी लेकरं उचलली, कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि एक अख्खी रांग बंद पडली. नेमके त्याच वेळी प्राचार्य दारात आले. चपलांच्या ढिगापलीकडं उभं राहून त्यांनी धूर पाहिला, संगणकावर ठेवलेलं आहेराचं पातेलं पाहिलं आणि मला विचारलं, "हे संमेलन आहे की साखरपुडा?" नानांनी पुढं होऊन त्यांना हात जोडले. "साहेब, जेवून जा. घरच्यांना पण बोलवा." प्राचार्यांनी दुपारच्या आत प्रयोगशाळेला कुलूप घातलं. उरलेलं संमेलन लिंबाच्या झाडाखाली भरीत खात पार पडलं. सगळ्यांना फार आवडलं. परांजपेनं दोनदा भरीत मागून घेतलं. मी एका पायरीवर बसून राहिले होते. दहा यंत्रं गेली होती आणि नाना पंगतीत वाढत फिरत होते.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. नानांना ते कळलं की नाही, देव जाणे. कारण पुढच्याच आठवड्यात ते जळगावला आले आणि प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसले. शिपायानं काम विचारलं. "काम नाही, सहज." त्यानंतर दर गुरुवारी धुळ्याहून बस पकडून यायचं, बाकावर बसायचं, साहेब बाहेर आले की उठून नमस्कार करायचा, त्यांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची आणि परत जायचं. प्रयोगशाळेचं नावसुद्धा काढायचं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी एकदा बाकापाशी जाऊन म्हटलं, "नाना, पुरे करा. माझी नोकरी जाईल." ते म्हणाले, "मी काही मागतो का? घरची माणसं भेटत राहावी."

उन्हाळा सुरू झाला तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावलं. ते थकलेले दिसत होते. "तुमच्या त्या पाहुण्यांना काय हवंय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "दोन यंत्रं घ्या. शनिवारी दुपारी, आठ मुलं. आणि त्यांना आवरा." दहाच्या जागी दोन. पण दोन मिळाली होती, आणि ती मी मिळवलेली नव्हती, याचाही मला रागच आला. धुळ्याला फोन करून सांगितलं तर नाना म्हणाले, "दोन का? चालतील. मी सांगतो सगळ्यांना." मी ओरडून म्हटलं, आठ, नाना, आठ, आणि फोन कटला.

शनिवारचा वर्ग सुरू झाला. एकेक यंत्र उघडायचं, बंद पडलेलं चालू करायचं, नानांच्या अर्धवट भरलेल्या सीड्या पुन्हा भरायच्या, सगळं माझ्याकडं. नाना एकदाही तिथं येऊ शकले नाहीत. छातीचं दुखणं निघालं आणि पावसाळ्याच्या आधीच ते गेले.

मी देवपुरातल्या घरी भेटायला गेले. ओटा, अंगण, गल्ली माणसांनी भरली होती. नानांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, "ते रोज तुन्हं नाव काढेत, माय. म्हनेत, जयगावनी पोर चिडस ना, म्हनीसन माले घोर नई. मी बोलाई लेस, ती आवरी लेस."

मी बोलावतो, ती आवरते. म्हणजे माझा सगळा वैताग त्या माणसानं हिशेबात धरलेला होता. त्याच्याच भरवशावर तो गावभर आवतणं देत फिरत होता. त्या भरल्या घरात मला नानांचा इतका राग आला, की मला रडू आवरेना. अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

निघताना ओट्यावर एक अनोळखी माणूस पुढं आला. शिंदखेड्याचा शेतकरी होता, मागं बायको, दोन मुली आणि एक पुतण्या. "जळगावच्या मॅडम त्या तुम्हीच का? नानांनी सांगितलं होतं, शनिवारी या म्हणून. सगळ्यांना घेऊन."

मी डोळे पुसले आणि विचारलं, "घरात किती जण आहात?"