पोचल्याची टकटक

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या घरात अमावास्येलाही केस कापतात. शिवाय माझं कामच असं, की आकड्यांत काही विचित्र दिसलं तर आधी यंत्राला दोष द्यायचा, मग स्वतःला... आणि तरीही पटलं नाही तर गप्प बसायचं. मी बरीच वर्षं गप्प बसले.

गोष्ट २०११-१२ची. लखनौ, वृंदावन योजना, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मी एका संशोधन संस्थेत नोकरीला, लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडलेली. सोबत बाबा. मूळचे साताऱ्याचे, एअरफोर्समध्ये सिग्नल्सला होते — म्हणजे जन्मभर कानाला हेडफोन आणि बोट मोर्सच्या बटणावर. रिटायर होईपर्यंत कान गेलेच होते. आई गेल्यावर हृदयानंही कुरकुर सुरू केली.

माझं काम म्हाताऱ्या ताऱ्यांवर. तारा म्हातारा झाला की फुगायला लागतो. काहींच्या अगदी जवळून गुरूपेक्षाही मोठे ग्रह फिरत असतात. त्यांचं वर्ष आपल्या काही दिवसांत संपतं. फुगत फुगत तारा एक दिवस त्यांना गिळणार, हे ठरलेलं. असाच एक तारा माझ्या वाट्याला आला होता. ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित उतरतो. अंतराळातल्या दुर्बिणीनं घेतलेली ही मापं दर काही महिन्यांनी गठ्ठ्यानं यायची. मी त्यांचा आवाज बनवून स्पीकरवर ऐकायचे, कारण पुष्कळदा चूक डोळ्यांआधी कानाला कळते. एक जाड घूं घूं, आणि ठरावीक वेळानं एक गचका. तो आमचा ग्रह.

बाबांना त्यातलं काही ऐकू येत नसे. ते शाल पांघरून, स्पीकरवर तळहात ठेवून बसायचे.

"हा आला बघ," प्रत्येक गचक्याला सांगायचे. एकदा म्हणाले, "म्हातारा गिळणार म्हणतेस ना याला? मग लांब जा म्हणून सांग की."

"ग्रहाला सांगता येत नाही, बाबा." त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागे.

"तुला तरी कुठं येतं सांगता?"

परदेशातली एक चांगली नोकरी मी त्यांच्यासाठी नाकारली होती. ते त्यांना सलत होतं. मी म्हटलं, चौकातून मक्खन मलाई आणू का?

"विषय बदलू नकोस. आमची बदली झाली की आम्ही काय करायचो, माहितीये? नव्या ठिकाणी पोचलो की आधी जुन्या स्टेशनला दोनदा टकटक. पोचलो, ठीक आहे, एवढंच. त्यांनी उलट दोनदा टकटक केलं की झालं. नाही केलं, तर आपण पाठवतच राहायचं." मग स्पीकरवर बोटानं टकटक करून हसले. "मीपण कळवीन. मग मात्र तू इथं बसून राहू नकोस."

मी चिडले. असलं काही बोलायचं नाही, म्हणून बजावलं.

जानेवारीतल्या धुक्याच्या एका दुपारी, मी ऑफिसात असताना, ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. शेजारच्या भाभीजींचा फोन आला. ज्यासाठी परदेशाला नाही म्हटलं, नेमकं तेच हुकलं. शेवटी त्रास झाला का, मला हाक मारली का, सुखानं गेले का... कुणी सांगू शकत नव्हतं. मला तेवढंच कळायला हवं होतं.

पुढचा गठ्ठा उन्हाळ्यात आला. आलेखात, ग्रहामुळे उजेड उतरून पडणाऱ्या प्रत्येक खड्ड्यामागे आणखी दोन बारीक खड्डे होते. लागोपाठ. मी मागे मागे सरकत गेले. जानेवारीतल्या त्या दुपारपासून पुढे ते होते — त्याआधी एकही नाही.

शेजारच्या टेबलावरच्या त्रिपाठीजींना दाखवलं. त्यांनी चष्मा वर सारला. "अरे मॅडम, मशीन की कुछ गड़बड़ होगी. साफ कर दीजिए."

"फिर बाकी तारों में क्यों नहीं है?"

त्यांनी दुसऱ्या ताऱ्यांचे आलेख उघडून पाहिले. "हाँ... ये तो है," म्हणाले आणि चहा मागवला.

रविवारी सकाळी मी घरी त्या गठ्ठ्याचा आवाज लावला. बाबांच्या खुर्चीत बसले, स्पीकरवर तळहात ठेवला. घूं घूं... गचका... आणि हाताखाली टक-टक. अंगावर सरसरून काटा आला. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त रडू आलं. मग मी वेड्यासारखं एक काम केलं. स्पीकरवर बोटानं दोनदा टकटक केलं आणि म्हटलं, "कळलं, बाबा."

त्यानंतरचा गठ्ठा आला त्याच दिवशी मी उघडला. सुरुवातीला ते बारीक खड्डे होते, प्रत्येक फेरीला, इमानेइतबारे. त्या रविवारपर्यंत. पुढे एकही नाही. ग्रह आपला एकटा फिरतोय.

माझी मती खुंटते ती पुढेच. त्या ताऱ्याचा उजेड इथं यायला शेकडो वर्षं लागतात. ते खड्डे तिथून निघाले तेव्हा बाबा नव्हते, एअरफोर्स नव्हतं, मोर्सचं बटणही नव्हतं. माझं उत्तर तिथं जायचं, तर त्यालाही तितकीच वर्षं. तरी ते थांबले — मी कळलं म्हटल्यावर.

पेपर छापून आला, त्यात ते खड्डे नाहीत. रीतीप्रमाणे साफ केले. परदेशातून पुन्हा विचारणा झाली तेव्हा मी गेले, बाबांचं ऐकलं. बाकी कसलाही उलगडा माझ्याकडे आजही नाही, आणि मी तो शोधायचंही सोडलंय. फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. त्या रविवारी मी उत्तर दिलं नसतं... तर बाबा अजून पाठवत राहिले असते.