दुसऱ्याच्या भट्टीचा पाव

बेकरीवाल्या अण्णांना दुसरी बेकरी काढायची होती; जागाही हेरून ठेवली होती. पण वर्षानुवर्षं मैदा श्वासात जाऊन त्यांच्या छातीचा पार भाता झाला. डॉक्टरांनी भट्टीकडे फिरकायलाही मनाई केली. मग बायकोने पदर खोचला. ती आत मैदा मळायची, अण्णा गल्ल्यावर धापा टाकत बसायचे.

एका सकाळी आतून कोरडा खोकला आला. अण्णा गल्ला सोडून आतल्या दारापाशी गेले.

"धुराचा ठसका हो," ती म्हणाली.

"मला शिकवतेस? आधी बाहेर ये!"

अण्णांनी भट्टी विझवली ती कायमची. तिचा खोकला मात्र पुरता गेला नाही.

आता ते दुसऱ्यांचा पाव आणून विकतात. जुनी गिऱ्हाइकं कुरकुरतात, "अण्णा, ती चव नाही राहिली."

"नाही राहिली," म्हणत अण्णा पाव कागदात गुंडाळून देतात.