बादलीतलं जास्तीचं पाणी

बडोदेकरांनो, डोकं तापलंय, म्हणून घरी येताच लिहायला बसलेय.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले, तरी जखम चिघळतेच आहे. आज डॉक्टर म्हणाले, "हे हॉस्पिटलमधलेच जंतू. चिवट झालेत, जंतुनाशकालाही दाद देत नाहीत." जणू उद्याचं हवामान सांगत होते!

बाहेर आले तर सफाईवाल्या मंजूबेन फरशी पुसायची बादली भरत होत्या. जंतुनाशक झाकणभर, आणि पाणी काठोकाठ.

मी ओरडलेच. "एवढं पाणी? अशानं जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "सगावाळा फरियाद करे छे, बेन. वास बहु आवे छे. साहेबे कह्युं, पाणी वधारे नाखो."

नातेवाईकांना वास सहन होत नाही, म्हणून साहेबांनी पाणी वाढवायला सांगितलं! मी तडक त्या साहेबांच्या, म्हणजे मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसले आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि तक्रारवही माझ्यापुढे सरकवली.

पानोपानी वासाच्याच तक्रारी. ऑपरेशनच्या दिवशीची एक होती, "औषधाचा वास असह्य आहे, ताबडतोब काहीतरी करा." खाली माझी सही.

राग अजून उतरलेला नाही. कोणी तक्रार केली म्हणून जंतुनाशकात पाणी ओततात का?

पण निघताना हा पाण्याचा प्रकार सांगितला, तेव्हा तापानं फणफणलेल्या बाबांनी विचारलं, "चूक कोणाची होती गं?"

तुम्ही काय सांगितलं असतंत?