पुढची डावी सीट

माणसांना टोपणनावं द्यायची गोदीतल्या लोकांना भारी हौस. वेल्डिंगवाला ठिणगी, रंगारी डाग, आणि बोटींच्या सीटा शिवणारी ही बाई गादीमावशी. तिला त्याचा राग नव्हता. नवऱ्याचं गादी-उशीचं दुकान होतं. नवरा गेला, मागोमाग दुकान गेलं आणि ती गोदीत लागली. "सगळं गेलं, पण गादी काही सुटली नाही," असं ती स्वतःच म्हणायची, आणि हसायची ती आधी स्वतःच.

तिची खोली शेडच्या कोपऱ्यात. जाड रेक्झिन शिवायचं मशीन, स्पंजचे ठोकळे, गोंदाचा डोक्यात जाणारा वास, आणि धक्क्यावर उघडणारी एक खिडकी. खिडकीतून ती बोटी जाताना बघायची. जाताना असं मुद्दाम म्हटलं, कारण गोदीतून बोटी जातातच. परत येते ती फक्त मोडलेली, आणि मोडून यावी असं तर म्हणवत नाही.

त्या सुमाराला गोदीत सगळा गलबला होता तो नौदलाच्या बोटींचा. मरीन सैनिकांसाठी छोट्या, चपळ गस्तीच्या बोटी हव्या होत्या. मोठी जहाजं जिथे पोट टेकून बसतील अशा उथळ पाण्यात शिरणाऱ्या, बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांनी पळणाऱ्या. आता नौदलाची खरेदी म्हणजे मडकं घ्यायला निघालेलं चिकट गिऱ्हाईक. वाजवून बघणार, उलटं करून बघणार, पाणी भरून बघणार, आणि मग म्हणणार, घरी विचारून सांगतो. पहिला नमुना पळाला झकास, पण आत बसलेले साहेब उतरले ते कंबर धरून. लाटेवर आपटून आपटून त्यांचे मणके एकमेकांना भेटून आले होते. मग सीटांखाली मोटरसायकलला असतो तसला शॉकअब्सॉर्बर आला. त्याला बाजूला एक चकती. बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे ती फिरवायची, म्हणजे धक्का सीट खाते, माणूस खात नाही. या बोटींत प्रत्येकाची सीट ठरलेली असते, त्यामुळे बोट ताब्यात देताना एकेकाला बसवून, वजन विचारून चकत्या लावायच्या अशी पद्धत पडली. ते काम मावशीकडे आलं.

पुन्हा चाचण्या झाल्या, तेव्हा माणसांच्या जागी वाळूची पोती बसवली. ती पोतीही मावशीनेच शिवली होती. "पोती बरी," मुकादम म्हणाला, "यांना बोट लागत नाही आणि जेवायलाही मागत नाहीत."

मावशी एरवी हसली असती. या वेळी तिचा जीव त्या चाचणीत अडकला होता. तिचा एकुलता एक मुलगा मरीन सैनिक होता, लांबच्या एका बेटावरच्या ठाण्यावर. लहानपणी तो इतका हडकुळा की आत्या त्याला काडीपैलवान म्हणायची. तेच नाव घरात चिकटलं. ही आत्या म्हणजे मावशीची नणंद. दोघी एकाच घरात राहायच्या, रोज भांडायच्या, आणि एकीला ताप आला की दुसरीच्या तोंडचं पाणी पळायचं.

ठाण्यावरच्या जुन्या बोटींना नुसत्या फळ्या होत्या. फोनवर मावशी पहिलं विचारायची, "पाठ कशी आहे रे?"

"आहे जागेवर."

"आणि तुझ्या त्या दोस्ताची?"

"त्याला पट्टा बांधलाय. तरी गस्तीला बसतो. बोटी कमी, माणसं कमी. नव्या आल्या की सुट्ट्या सुरू होतील म्हणतात."

नव्या आल्या की! तेव्हापासून मावशी शिवत होती ती सीट नव्हतीच, मुलाची सुट्टी होती. पायाखालचं मशीन ती अशी पळवायची की मुकादमाला सांगावं लागे, बाई, दम घे, इंजिन त्या बोटीत बसवायचंय, तुझ्यात नाही.

बोट चाचणीत पास झाली आणि एक दिवस फोन आला. पहिली बोट न्यायला जी तुकडी येणार, तिच्यात काडीपैलवानाची निवड झाली होती. सकाळी यायचं, बोट ताब्यात घ्यायची, रात्री मुक्काम आणि पहाटे निघायचं. "रात्री घरी येतो जेवायला," तो म्हणाला. "आत्याला सांग, भांडण राखून ठेव, मला बघायचंय."

त्यानंतर घरात जे काही झालं ते काय सांगावं. आत्याने त्याची खोली दोनदा झाडली आणि तिसऱ्यांदा मावशीच्या नावाने ओरडली की खोली कुणी झाडत नाही. त्याच्या पलंगावरची गादी मावशीने उसवली, कापूस पिंजून पुन्हा भरली. गोदीतही तिने एक गोष्ट केली. मुलाची सीट तिने विचारून घेतली होती, पुढची डावी. बाकीच्या चकत्या तिने मोकळ्या ठेवल्या, माणूस येईल तसं विचारून लावू म्हणून. पुढच्या डावीची मात्र आदल्या दिवशीच लावून टाकली. दुकानातल्या कापूस तोलायच्या काट्यावर ती त्याला लहानपणापासून बसवत आली होती. नौदलात जायच्या दिवशीसुद्धा तो गंमत म्हणून त्या काट्यावर चढला होता. "माझ्या पोराचं वजन मला कुणाला विचारावं लागत नाही," ती मुकादमाला म्हणाली, आणि चकती तिने डोळे मिटून फिरवली असती तरी चाललं असतं असा तिचा रुबाब होता.

तुकडी आली ती सकाळीच. खिडकीतून तिला सारख्याच कपड्यातली, सारख्याच टोप्यांची पोरं दिसली आणि क्षणभर आपला कोणता हेच कळेना. मग एकाने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. तो तिचा. तिने हात हलवला, त्याने नुसती भुवई उडवली. मागे साहेब उभे होते.

दुपार व्हायच्या आत मुकादम धापा टाकत आला. "मावशी, चकत्यांचं उरकून घे. हवा फिरतेय. रात्रीचा मुक्काम रद्द. आत्ता निघाले तरच पोचतील, नाहीतर चार-पाच दिवस समुद्र सोडणार नाही त्यांना."

"आत्ता म्हणजे?"

"आत्ता म्हणजे आत्ता."

घरी आत्या सकाळपासून चुलीपुढून हलली नव्हती. मावशीने पाना उचलला, एप्रन नीट केला, आणि एप्रनच्या खिशात तिचा हात लाल पट्टीला लागला.

या लाल पट्टीचं सांगायला हवं. गोदीत नियम असा, की बोटीत कुठे काही वावगं दिसलं तर कुणीही तिथे लाल पट्टी बांधायची. कुणीही म्हणजे झाडूवालासुद्धा. पट्टी बांधली की बोट धक्का सोडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस येणार, बघणार, तोच ती सोडणार. खुद्द मालकाला हात लावता येत नाही. एकदा झाडूवाल्याने एका कठड्याला पट्टी बांधली, सगळे हसले, आणि सकाळी तो कठडा तपासनिसाच्या हातात आला. तेव्हापासून पट्टीला मान होता. उरलेल्या कापडातून या पट्ट्या मावशीच शिवायची.

ती बोटीत उतरली. तुकडीचे साहेब म्हणाले, "मावशी, मुकादमांनी सांगितलं मला. हवा माझ्या हातात असती तर तुमच्या पोराला मीच घरी पाठवलं असतं."

एकेकाला बसवत, वजन विचारत, चकत्या फिरवत ती पुढे आली. मुलाला मुद्दाम शेवटी ठेवला होता.

"बस," ती म्हणाली.

तो बसला, आणि सीट खाड्‌कन तळाला जाऊन टेकली. मागची पोरं खो खो हसली. मावशी बघतच राहिली. तिने लावली होती ती चकती एका हडकुळ्या पोराची होती. समोर बसला होता तो रुंद खांद्यांचा, जाड मनगटांचा बाप्या.

"आई," तो हळूच म्हणाला, "मी आता तेवढा नाही राहिलो गं."

तिला वाटलं होतं, त्याला मिठी मारता येणार नाही याचंच दुःख सगळ्यात मोठं असेल. तसं नव्हतं. बाकीच्या परक्या पोरांना विचारलं तेच आपल्या पोराला विचारावं लागतंय, हे मोठं होतं.

"किती रे वजन तुझं?" तिने विचारलं. त्याने सांगितलं.

ती खाली वाकली, पण पाना चकतीला लागेना. सीट तळाला टेकली होती. म्हणजे सीटमध्ये दोष आहे असं म्हणता आलं असतं, आणि कुणी खोटं ठरवलं नसतं. एक गाठ मारायची की झालं, रात्रीचं जेवण घरी. हवा बिघडली की मग चार-पाच दिवससुद्धा. एप्रनच्या खिशातून पट्टीचं टोक बाहेर आलं होतं. मुलाने ते दोन बोटांत धरलं.

"अजून तूच शिवतेस?"

"मग कोण शिवणार?"

"बांध ना," तो म्हणाला. हसत म्हणाला, पण डोळे काही हसत नव्हते. एवढा मोठा बाप्या, आणि शाळेला जायचं नाही म्हणून पोट दुखतंय सांगायचा तेव्हाचा आवाज.

मावशीच्या मनात किती किती आलं. आत्या आली, पिंजलेली गादी आली. आणि मग पट्टा बांधून फळीवर बसणारा तो दोस्त आला. त्याला कुणी आई असेल, आणि तीही फोनवर आधी पाठीचंच विचारत असेल.

"तुझा तो दोस्त आज गस्तीला आहे?" तिने विचारलं.

मुलाने पट्टीचं टोक सोडलं. "आहे," तो म्हणाला.

तिने चकती फिरवली. "ऊठ. आता बस." तो बसला. सीट हलकेच दबली आणि बरोबर मध्ये थांबली. सीटचा पट्टा आवळायच्या निमित्ताने तिने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि लागतो त्यापेक्षा जास्त वेळ ठेवला. साहेब मुद्दाम समुद्राकडे बघत होते.

"मावशी, सीट ठीक?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

"ठीक आहे साहेब," ती म्हणाली. आयुष्यात खरं बोलणं तिला इतकं जड कधी गेलं नव्हतं.

बोट निघाली. धक्क्यापासून जरा लांब जाताच तिने नाक उचललं, आणि मावशी हात वर करते न करते तोच मागे नुसता पांढरा फेस उरला. मुकादम आनंदाने ओरडला, "बघितलंस? काय पळते! उगाच घेतल्या नौदलाने?"

"जरा हळू पळाली असती तर काय बिघडलं असतं मेलीचं!" मावशी ओरडली, आणि सगळ्यांदेखत रडली.

घरी आत्याने झाकलेल्या भांड्यांकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "दैव देतं आणि कर्म नेतं, ते हे असं. खिशात पट्टी होती आणि तुला एक गाठ मारता आली नाही?" मग तिने दोघींची पानं वाढली, आणि दोघीही जेवल्या नाहीत.

पुढे नौदलाने आणखी बोटींची ऑर्डर दिली. काडीपैलवानाला सुट्टी काही मिळाली नाही. नवी बोट चांगली चालवतो म्हणून त्याला बाकीच्यांना शिकवायला तिथेच ठेवून घेतलं. आधी दोस्ताला घरी पाठवलं, असं त्याने फोनवर सांगितलं. मावशी बरं म्हणाली, आणि पाठीचं विचारलं.

आता एकेक बोट तयार होते आणि ताब्यात द्यायच्या आदल्या दिवशी मावशी पाना घेऊन आत उतरते. मुकादम दरवेळी म्हणतो, "अगं, बाकीच्या मोकळ्या ठेवतेस, मग पुढची डावीच का लावून ठेवतेस? उद्या तिथे कोण बसेल काय माहीत. पुन्हा फिरवावी लागणारच."

"फिरवेन की," मावशी म्हणते. "एक रात्र राहू दे. आता वजन माहीत आहे मला."