मचव्यावरची तिसरी हाक

संपादक महाशय, तुमच्या मासिकातल्या या सदराकडे बघून मी आजवर नाक मुरडत आलो. गेल्या अंकात कुणा गृहस्थांना पिंपळाखाली उलट्या पायांची बाई दिसली म्हणे. अंधारात पाय उलटे आहेत हे त्यांनी नीट निरखून पाहिलं आणि मग पळाले! माझ्या वर्गात असते तर बाकावर उभं केलं असतं. मी कल्याणला शाळामास्तर आहे. भूगोल आणि अंकगणित शिकवतो. भूतपिशाच्च, दृष्ट, अंगात येणं, असल्या भानगडींचा मला लहानपणापासून मनस्वी तिटकारा. आजही आहे. तरीसुद्धा तुम्हाला लिहायला मीच बसलोय... आणि याचा तुम्हाला जेवढा वैताग येईल त्याच्या दुप्पट मला येतो आहे.

मुंबईत हिंदू-मुसलमानांचे दंगे उसळले त्या सालातली गोष्ट. दंगे तिकडे, पण त्याची धग आमच्यापर्यंत आली होती. ज्या दुकानातून दहा वर्षं वाणसामान आणलं, तिथे जाताना माणसं आधी मागे वळून बघायची. अशा दिवसांत मला ठाण्याहून माझ्या धाकट्या बहिणीला कल्याणला आणायचं होतं. यमू तिचं नाव. नौपाड्यात दिलेली. सातवा महिना, पहिलीच खेप, तेव्हा बाळंतपण माहेरी होणार हे ठरलेलं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, ठाणे स्टेशनात बसायचं आणि कल्याणला उतरायचं. मीही तेच म्हणत होतो हो! पण आमची आई! मुंब्र्याजवळ डोंगर फोडून आगगाडीसाठी बोगदे केलेत. आईचं म्हणणं, पोटुशी बाई डोंगराच्या पोटातून न्यायची नाही. आमची थोरली ताई पहिल्या बाळंतपणाला अशीच आगगाडीने आली होती. ती गेली आणि बाळही गेलं. डॉक्टरने कारण सांगितलं होतं, पण आईने ते ऐकलंच नाही, तिने बोगदा धरून ठेवला. मी तिला पाटीवर डोंगर काढून दाखवला, बोगदा काढून दाखवला, त्यातून जाणारी गाडी काढली. तिने शांतपणे सगळं बघितलं आणि म्हणाली, "हो ना, म्हणजे अंधारच ना?" आता काय बोलणार, कपाळ?

शेवटी मी हरलो. यमूला खाडीतून मचव्याने आणायची असं ठरलं. भरती लागली की ठाण्याच्या धक्क्यावरून उतारूंचा मचवा सुटायचा आणि निम्मा दिवस खाऊन कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखाली लागायचा. एवढ्यावर आईचं समाधान नाही. मी निघालो त्या सकाळी तिने देवापुढे मौन धरलं. यमी उंबऱ्यात पाऊल टाकेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही म्हणून. खरं सांगतो, मला मनातून बरंच वाटलं. म्हटलं, तेवढाच शेजाऱ्यापाजाऱ्यांना आराम.

ठाण्याला पोचलो, यमूच्या सासूबाईंनी ओटी भरली, आणि सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही धक्क्यावर आलो. मार्गशीर्ष होता, ऊन कोवळं होतं. मचव्यात बघतो तर काय, पुढच्या अंगाला सगळे हिंदू, मागच्या अंगाला सगळे मुसलमान, आणि मध्ये हातभर मोकळी जागा. कालपरवापर्यंत हीच माणसं एकमेकांच्या मांडीवर पाय देऊन झोपा काढायची! सावली मात्र मधल्या ताडपत्रीखालीच होती, म्हणून बायका तेवढ्या तिथे एकत्र. मी यमूला तिथेच बसवलं आणि तिच्यापाशी एका लाकडी पिंपाला पाठ टेकून बसलो. पिंपावर सुक्या बोंबलांची टोपली ठेवलेली. त्या वासानेही माझं डोकं उठलं होतं.

यमूच्या शेजारी एक मुसलमान बाई होती, कडेवर वर्षाची मुलगी. अमीना म्हणून. भिवंडीला दिलेली, ठाण्याला नणंदेकडे आलेली, आता कल्याणला बापाकडे निघालेली. आई गेल्या साली वारली, बाप एकटा आहे, त्याला नातीचं तोंड दाखवते, असं सांगत होती. बायकांना ओळख करून घ्यायला वेळ लागत नाही. तिने यमूचं पोट बघितलं आणि पदराच्या गाठीतून चिंचेचं बुटुक काढलं.

"घे गो, खा. मना ठाव हाय कसं वाटतं ते."

यमूने माझ्याकडे बघितलं. तिच्या हातचं खायचं कसं, हा प्रश्न. मागे बसलेल्या दोघा-तिघांनीही माझ्याकडेच बघितलं. मी तर आधीच तापलेला. म्हटलं, "खा की! चिंचेला कसली आलीय जात?" अमीना हसली. यमूला म्हणाली, "मास्तर हायत ना तुजे दादा? शिकलेल्या मानसाचं बरं असतं." त्या सबंध दिवसात मला बरं वाटलं ते तेवढंच.

तांडेलाने, म्हणजे मचव्याच्या मुख्य खलाशाने, शीड सोडायला घेतलं. तेवढ्यात यमू ताठ झाली.

तुम्हाला आणखी एक सांगायला हवं. आईने आम्हाला लहानपणापासून बजावलेलं, बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. जे वाईट असतं ते तिसऱ्यांदा हाक मारत नाही, म्हणून तिसरी आली तरच उठायचं. या नियमापायी आमच्याकडे पाहुणे दारात ताटकळत उभे राहायचे! मी तो कधीच सोडून दिला होता. यमूने नाही.

तिने आधी एक बोट मुडपलं. जरा वेळाने दुसरं. मी म्हटलं, "काय मोजतेस?" तिचे डोळे धक्क्याकडे. मग एकदम उठलीच.

"दादा, आई बोलावतेय. यमे, उतर, म्हणाली. तिसऱ्यांदा."

"अगं आई कल्याणला आहे! आणि तिचं मौन आहे!"

"तुला नाही ऐकू आलं?"

"नाही."

"मी उतरते."

सगळा मचवा आमच्याकडे बघायला लागला. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला हाताला धरून खाली बसवलं, ती परत उठली. मी रागावलो, समजावलं, दमात घेतलं. रडत होती, पण पाय मात्र फळीकडे. तांडेल करवादला, "मास्तर, बसताव का उतरताव? भरती काय तुमच्यासाठी थांबाची नाय." शेवटी माझंही डोकं फिरलं. "चल! उतर! बघ तुझी आई कुठे आहे ती, आणि मग मुकाट्याने ये!" असं म्हणून मीच तिला फळीवरून खाली उतरवलं. ती खरी ठरली म्हणून नव्हे हो, तिला खोटी ठरवायला!

धक्क्यावर कोण असणार? एक शहाळीवाली पेंगत होती आणि दोन कुत्री. मी यमूला चारी दिशा दाखवल्या. "आहे आई? इथे आहे? तिथे आहे?" एवढ्यात मागे फळी ओढल्याचा आवाज झाला. मचवा सुटला. आमची ट्रंक, ओटीचं सामान, माझी छत्री, सगळं घेऊन सुटला. मी ओरडलो, हात हलवले, तांडेलाने मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

मग मी यमूला जे बोललो ते इथे लिहीत नाही. सात महिन्यांच्या पोटुश्या बहिणीला कोणी असं बोलू नये. पलीकडे खाडीच्या पुलावरून कल्याणची आगगाडी धडधडत गेली, तिच्याकडे बोट दाखवून मी म्हणत होतो, "ती बघ! तिच्यात असतो आपण, शहाण्यासारखे वागलो असतो तर!" आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो आवाज झाला.

सुरुंग मी खाणीत ऐकले होते. हा तसाच होता, पण पाण्यावरून आला. मचवा पुलाच्या अलीकडेच पोचला होता. धूर वर गेला आणि तो खाली बसला तेव्हा तिथे मचवा नव्हता. होड्या धावल्या. कोळी, आगरी, मुसलमान खलाशी, ज्याला पोहता येत होतं तो पाण्यात उतरला. तेवढा वेळ कोणाला जात आठवली नाही. दोन खलाशी जिवंत निघाले, उतारूंतलं कोणीही नाही. यमू धक्क्यावरच खाली बसली होती. तिच्या मुठीत ते चिंचेचं बुटुक तसंच होतं.

पुढे पोलिसांनी शोधून काढलं ते एवढंच. दगडखाणीतली सुरुंगाची दारू पिंपात भरून, वात लावून मचव्यात चढवली होती, वर बोंबलांची टोपली ठेवून. होय, तेच पिंप! मी पाठ टेकून बसलो होतो ते. चढवली कोणी? आमचे म्हणतात त्यांनी, ते म्हणतात आमच्यांनी. दोन्हीकडची माणसं त्यात मेली, तरी दोन्हीकडचे लोक चौकात उभे राहून फक्त आपापली मोजत होते. माझ्या आळीतले एक सभ्य गृहस्थ घरी येऊन म्हणाले, "मास्तर, देवाने आपली माणसं वाचवली बघा." मी त्यांना दाराबाहेर काढलं. मेले त्यांत त्यांचा सख्खा चुलतभाऊ होता, हेही त्यांना आठवत नव्हतं.

आणि पोलीस! इन्स्पेक्टरला साहजिकच एकच प्रश्न पडला, सुटायच्या क्षणी उतरलेला हा एकटाच मास्तर कोण? "का उतरलात?" "बहिणीला आईची हाक आली." "आई कुठे होती?" "कल्याणला." "मग ती काय म्हणते?" "तिचं मौन होतं." माझं मलाच हसू यावं असलं स्टेटमेंट! वर्गात कोणी असं उत्तर दिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. दोन दिवस बसवून ठेवलं मला कचेरीत. शेवटी तो कंटाळला आणि सोडलं.

यमूला कल्याणला कसं आणलं विचारा. आगगाडीने! बोगद्यातूनच! अंधार झाला तसा तिने माझा हात घट्ट धरला आणि उजेड आला तसा सोडला. बस्स. घरी पोचलो तर आई उंबऱ्याशी उभी. बातमी तिच्यापर्यंत आली होती, आणि आम्ही मचव्यात नव्हतो हे कळायला तिला पुरे दोन दिवस लागले होते. ते दोन्ही दिवस तिने मौन सोडलं नव्हतं. लोक रडायला आले, ती रडली, पण आवाज न काढता. शेजारच्या काकूंनी शपथेवर सांगितलं, बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. यमूने पाऊल आत टाकलं तेव्हा आई म्हणाली, "यमे, आलीस?" मी तिला विचारलं, त्या सकाळी तू हाक मारलीस? ती म्हणाली, "मौनात कशी मारीन?" माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळा!

यमूला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. इथे मी थांबलो तर तुमच्या सदराला साजेशी गोष्ट होईल आणि वाचक म्हणतील, मास्तरांना अखेर पटलं हो. काही पटलेलं नाही मला. हाक कोणाची, कुठून आली, का आली, मला माहीत नाही. आणि एक गोष्ट मी पोलिसांना सांगितली नाही, आईला नाही, यमूलाही नाही. ती सांगायलाच हा सगळा खटाटोप.

हाक मलाही ऐकू आली होती. पहिली नाही, पण दुसरी आणि तिसरी स्वच्छ. आईचाच आवाज. "यमे, उतर." मी म्हटलं, बाजारातली कोणीतरी असेल, आणि यमूला सांगितलं, नाही ऐकली. म्हटलं, एकदा हो म्हटलं की ही जन्मभर माझ्या डोक्यावर बसेल.

यमू फळीकडे निघाली तेव्हा अमीनाने माझी बाही धरली. तिचा चेहरा उतरला होता. ती हळूच म्हणाली, "मास्तर, तुमाला आयकू येतंय काय? माजी अम्मी हाका मारते. उतर म्हनते."

तिची अम्मी गेल्या साली वारली होती. ते मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. पण मी शिकलेला माणूस, म्हणून तिने मला विचारलं. मी वैतागलेलो होतो. म्हटलं, आता हीसुद्धा सुरू झाली!

"कोणी हाक मारत नाहीये, बाई," मी म्हणालो. "बसा निवांत."

ती बसली.

आता माझ्या वर्गाची गंमत सांगतो. पोरांना माझं गुपित कळलेलं नाही, पण माझी खोड कळली आहे. अंकगणिताचा तास सुरू झाला की एक बोट वर होतं, "गुरुजी, आई हाक मारतेय, जाऊ?" मग दुसरं, मग तिसरं. कधी कधी निम्मा वर्ग रिकामा होतो. हेडमास्तर माझ्यावर करवादतात, गाढवं मला उघड उघड फसवतात आणि चिंचेखाली गोट्या खेळत बसतात, हे मला खिडकीतून दिसतं. मला राग येतो, अतोनात येतो. तरी प्रत्येकाला मी एकच उत्तर देतो.

"जा बाबा. पहिल्याच हाकेला जा."